गोठ्याच्या कोब्याला सिमेंट नक्की किती? मिस्त्री म्हणतो ४२ गोण्या, माझं गणित २५ वर थांबतंय

फलटणचा_दूधवाला

नमस्कार मंडळी. गोठ्यात कोबा करायचा आहे. माप सरळ आहे : लांबी ३० फूट, रुंदी १४ फूट, जाडी ४ इंच. आत्ता खाली मुरूम आणि माती आहे. मागच्या पावसाळ्यात त्याचा चिखल झाला आणि दोन गाईंची खुरं सडली. एक तर महिनाभर लंगडत होती, दुधाचं नुकसान वेगळंच. यंदा पावसाच्या आत हे काम उरकायचंच असं घरात ठरलंय.

गावातल्या मिस्त्रीला बोलावलं. ते येऊन पावलांनी मोजून गेले आणि म्हणाले, ४२ गोण्या सिमेंट, खडी दोन ब्रास, वाळू एक ब्रास. मग मी वहीत गणित मांडलं. ३० गुणिले १४ म्हणजे ४२० चौरस फूट. ४ इंच म्हणजे फुटाचा तिसरा भाग, म्हणून १४० घनफूट. १:२:४ (एक भाग सिमेंट, दोन वाळू, चार खडी) धरून २५ गोण्या येतात. मोबाइलवरच्या कॅल्क्युलेटरनेही तेच सांगितलं. आमच्याकडे गोणी ३६० ला मिळतेय. १७ गोण्यांचा फरक म्हणजे सहा हजारांच्या वर.

त्यात खडीवाल्याला फोन केला तर तो म्हणतो, "मिस्त्री तर म्हणाला सव्वाचार ब्रासचं काम आहे, मग दोन ब्रास खडीत कसं भागेल?" इथे माझं डोकंच चालेना.

मिस्त्रीवर संशय घ्यायला मन होत नाही. आमचं घर त्यांच्याच वडलांनी बांधलंय. पण एवढा फरक येतो कुठून? कुणी हे काम स्वतः केलं असेल तर सांगा.

---

निफाडची_मनीषा

दादा, आधी ब्रासचं सांगते, कारण मी पण तिथेच अडकले होते. ब्रास दोन असतात. खडी, वाळू, मुरूम घेताना ब्रास म्हणजे १०० घनफूट. कोबा, गिलावा, फरशी, स्लॅबची मजुरी ठरवताना ब्रास म्हणजे १०० चौरस फूट. तुमचा गोठा ४२० चौरस फूट, म्हणून मिस्त्रीच्या भाषेत ते सव्वाचार ब्रासचं काम. त्याचा खडीच्या ब्रासशी काही संबंध नाही. खडीवाल्याने दोन्ही एकच धरले.

आम्ही कांदाचाळीखालचा कोबा केला तेव्हा "एक ब्रास" म्हणून आलेली खडीची ट्रॉली मी खाली ओतू दिली नाही. टेप घेऊन चढले. आतून लांबी १० फूट, रुंदी ६ फूट. म्हणजे ब्रास भरायला खडी सपाट करून २० इंच हवी. पट्टीने सारखी केली तर १५ इंचही भरेना, म्हणजे ७५ घनफुटांच्या आतच. ड्रायव्हर म्हणाला, मधे ढीग होता तो रस्त्यात हादऱ्यांनी बसला. मी म्हटलं बसला असेल, पण पैसे बसलेल्या मापाचेच देणार. दिले नाहीत पूर्ण. ट्रॉली एकदा ओतली की मग कुणाच्या बापाला मापता येत नाही, तेव्हा वरच मोजा.

दुसरं म्हणजे घमेली. आमच्याकडे पहिल्या दिवशी बिगारी घमेल्याने माल टाकत होते. सकाळचं घमेलं शीग लावून, दुपारचं अर्धं. सिमेंट कुठे कमी पडलं, कुठे जास्त झालं. दुसऱ्या दिवशी मी प्लायवूडचा फर्मा करून घेतला : आतून ४० सेंटिमीटर लांब, ३५ रुंद, २५ उंच. त्यात बरोबर ३५ लिटर बसतं आणि ५० किलोची सिमेंटची गोणी पण जवळजवळ तेवढीच, ३४.७ लिटर. म्हणजे एक गोणी म्हणजे एक फर्मा. १:२:४ ला दोन फर्मे वाळू, चार फर्मे खडी. कुणाला आकडेमोड करावी लागत नाही.

---

पाटबंधाऱ्यातला_ओव्हरसिअर

मी पाटबंधारे खात्यात ३१ वर्षं काढली. बहुतेक काळ कालव्याच्या अस्तरीकरणावर आणि छोट्या मोऱ्यांवर. म्हणून या प्रश्नाला जरा सविस्तर उत्तर देतो.

तुमचं गणित बरोबर आहे. १४० घनफूट ओलं काँक्रीट. कोरडा माल त्याच्या १.५४ पट लागतो, कारण खडीमधल्या पोकळीत वाळू शिरते, वाळूतल्या पोकळीत सिमेंट, आणि सगळं मिळून आकसतं. १४० गुणिले १.५४ म्हणजे २१५.६. एक, दोन आणि चार मिळून भाग सात. एक भाग आला ३०.८ घनफूट. एका गोणीत १.२२६ घनफूट सिमेंट असतं, म्हणून २५ गोण्या. वाळू ६२ घनफूट, खडी १२३.

आणि मिस्त्रीचंही बरोबर आहे. तो लबाड नाही.

तुम्ही एक गोष्ट लिहिली नाही : ढाळ. गोठ्याला ढाळ लागतोच, नाहीतर गोमूत्र जागेवर साठतं आणि खुरांची तीच तक्रार परत येते. गव्हाणीकडून मागच्या नालीकडे चाळीसात एक ढाळ धरला तर १४ फुटांत चार इंचांच्या थोडं वर उतार येतो. आता तुमची जमीन आत्ता सपाट आहे असं धरू. सपाट जमिनीवर मिस्त्री ढाळ कशातून काढणार? काँक्रीटमधूनच. नालीशी जाडी ४ इंच, गव्हाणीशी ८. सरासरी ६. म्हणजे १४० नाही, २१० घनफूट. दीडपट माल. २५ च्या ३८ गोण्या झाल्या. वर सांडलवंड आणि पृष्ठभागावर मारायचं सिमेंट धरा. आले की ४२.

त्याने पावलांनी मोजलं, पण डोळ्यांनी जमीन बघितली. तुम्ही वहीत मोजलं, पण जमीन वहीत नव्हती.

म्हणून काम असं करा. ढाळ मुरमातूनच काढा. गव्हाणीच्या भिंतीला पाण्याच्या नळीने लेव्हल घ्या, दोन्ही टोकांना खुंट्या ठोका, दोरी ताणा आणि मुरमाचा वरचा थर त्या दोरीखाली बरोबर ४ इंचांवर आणा. नालीच्या बाजूला तसंच, पण दोरी चार इंच खाली. मधल्या भागात दर पाच फुटांवर आडवी दोरी. चार इंचांपासून शून्यापर्यंतच्या पाचरीला बसलेला मुरूम ७० घनफूट लागेल. सैल मुरूम दबतो, तेव्हा एक ब्रास मागवा. पाणी मारून धुम्मस करा, आणि ते आदल्या दिवशी करू नका, दोन-तीन दिवस आधी करा म्हणजे बसेल तिथे बसेल. मुरूम सुका असेल तर काँक्रीट टाकण्याआधी हलकं पाणी मारा, नाहीतर तो खालून काँक्रीटचं पाणी ओढून घेतो.

आता यातला खरा हिशोब. तुमचा गोठा ४२० चौरस फुटांचा आहे. एक इंच जाडी म्हणजे ३५ घनफूट, म्हणजे जवळजवळ एक घनमीटर. १:२:४ चं एक घनमीटर म्हणजे सव्वासहा गोण्या. म्हणजे मुरूम सरासरी अर्धा इंच खाली राहिला तर तीन गोण्या जमिनीत गेल्या आणि वरून कुणाला दिसल्याही नाहीत. सूत्र सगळ्यांना येतं. अर्धा इंच कुणी मोजत नाही. घरच्या कामांचा अंदाज चुकतो तो बहुतेक इथेच. मी कालव्यावर असताना आम्ही अस्तर टाकण्याआधी टेम्प्लेट, म्हणजे मापाचा साचा, फिरवायचो आणि जिथे बोट आत जाईल तिथे काम थांबवायचो. तुमच्याकडे टेम्प्लेट नाही, पण दोरी आणि चार इंचांचा लाकडी ठोकळा आहे. ठोकळा दोरीखाली सरकवत जा. अडकला तर मुरूम खरवडा, ढिला राहिला तर भरा.

काम चालू असतानाही तपासायची सोय आहे. १:२:४ च्या एका गोणीत साडेपाच घनफूट काँक्रीट निघतं. ४ इंच जाडीला ते १६-१७ चौरस फूट जागा भरतं. तुमची रुंदी १४ फूट, म्हणजे एक गोणी साधारण सव्वा फुटाला थोडी कमी पुढे सरकते. पाच गोण्यांना सहा फूट. भिंतीवर खडूने दर सहा फुटांवर रेघ मारा. पाच गोण्या संपल्या आणि रेघ आली नाही, तर थांबून जाडी बघा. माल तिथेच जास्त जातोय, आणि ते पहिल्या सहा फुटांतच कळलं तर पुढचे चोवीस फूट वाचतात.

पट्ट्याही सहा-सहा फुटांच्याच पाडा, एकाआड एक टाका. मधे ७ फुटांवर एक इंच खोल खाच द्या, नाहीतर तडा त्याच्या मनाने जाईल.

---

गवंडी_उदगीर

काकांचं ढाळाचं शंभर टक्के खरं. लोक आम्हाला चोर म्हणतात पण मुरूम करून देत नाहीत.

पण १:२:४ वर माझी हरकत आहे. घराच्या अंगणाला चालेल. गोठ्याला नाही. गाईचं मूत रोज पडतं, शेण खरवडायला लोखंडी फावडं चालतं, खुरं घासतात. दोन-तीन वर्षांत वरचं सिमेंट जातं, खडी उघडी पडते, आणि ती खुरात टोचते. मी गोठे केलेत तेवढे सगळे एक-दीड-तीनने. खडी पाऊण इंची आणि अर्धा इंची मिसळून घ्या, नुसती पाऊण इंची घेतली तर वर पोकळ्या राहतात.

आणि वरून कोरडं सिमेंट भुरभुरवून गुळगुळीत करायचं नाही. गाय घसरून मांडी फाकली तर उठत नाही. रंधा मारून झाला की पाइप दाबून खाचा द्या, वीतभर अंतरावर.

---

पाटबंधाऱ्यातला_ओव्हरसिअर

उदगीरचे मिस्त्री, तुमचं पटलं. मी कालव्याच्या हिशोबात राहिलो, रोजच्या घर्षणाचा विचार केला नाही. दूधवाले, १:१.५:३ करा. आकडे बदलतात ते असे : २१५.६ भागिले साडेपाच, एक भाग ३९.२ घनफूट. सिमेंट ३२ गोण्या. वाळू ५९ घनफूट, खडी ११८. एका गोणीत ४.४ घनफूट माल निघेल, म्हणजे १४ फूट रुंदीला साधारण सव्वाअकरा इंच. सहा फुटांच्या पट्टीला साडेसहाच्या आसपास गोण्या.

बघा, मुरमातून ढाळ काढला तर वरच्या दर्जाचा कोबा करूनही मिस्त्रीने सांगितलेल्या ४२ पेक्षा दहा गोण्या कमी लागतात.

वाळूचं एक लक्षात ठेवा. ओलसर वाळू फुगते. फर्म्यात ती भरलेली दिसते, पण असते कमी. घरी सरळ कडांची काचेची बरणी घ्या. वाळू सैल टाकून २० सेंटिमीटरवर खूण करा. मग ती काढून बरणीत निम्मं पाणी घ्या आणि तीच वाळू हळूहळू आत सोडा. किती खाली बसते ते मोजा. १६ वर बसली तर २० भागिले १६, म्हणजे फुगवटा २५ टक्के. तेवढी वाळू वाढवून घ्या, नाहीतर काँक्रीट खडीखडीचं होतं आणि बिगारी ते मऊ करायला पाणी ओततात.

पाणी गोणीला ३० लिटरच्या वर नको. भारतीय मानक ४५६ मध्ये एम २० च्या, म्हणजे साधारण याच १:१.५:३ च्या, ठरावीक मिश्रणाला तेवढीच मर्यादा दिलेली आहे, आणि त्यात वाळूतलं पाणी धरलेलं आहे. वाळू ओलसर असेल तर चारेक लिटर तिच्यातच असतं. मिक्सरजवळ मोजाची बादली ठेवा, नळी ठेवू नका. नळी हातात असली की माणूस पाणी सोडतोच.

सिमेंट सगळं एकदम उचलू नका. २० गोण्या आणा. दोन पट्ट्या झाल्या की खरा खप कळेल, मग बाकीच्या आणा. गोणीवर आठवडा आणि वर्ष छापलेलं असतं, ते बघून घ्या. तीन महिन्यांपेक्षा जुनी नको.

---

निफाडची_मनीषा

काका, बरणीचा प्रयोग आत्ता आमच्या क्रश सँडवर करून बघितला. २० ची १६.५ झाली. कांदाचाळीच्या वेळी हे माहीत असतं तर बरं झालं असतं. तेव्हा वाळू कमी पडून दोन ठिकाणी खालच्या कडेला खडी उघडी राहिली होती, मला कारणच कळलं नव्हतं.

---

फलटणचा_दूधवाला

सगळ्यांचे मनापासून आभार. काम झालं. उशीर झाला लिहायला, कारण पाणी मारण्यातच दिवस जातो. जे झालं ते आकड्यांसकट लिहितो, पुढे कुणाला उपयोग होईल.

मिस्त्रींना ढाळाचं विचारलं. ते म्हणाले, "तेच तर. तुम्ही मुरमाचं बोललाच नाही, म्हणून मी काँक्रीटमधे धरला." काकांनी लिहिलं होतं अगदी तसंच. मी त्यांना मनातल्या मनात काय काय म्हटलं होतं, ते आठवून वाईट वाटलं.

मुरूम एक ब्रास मागवला, पुरला नाही, अजून अर्धी ट्रॉली लागली. जुनी माती निघाल्यावर दाराजवळच्या कोपऱ्यात खड्डा निघाला. पूर्वी तिथे पाण्याचा रांजण असायचा, तो पाझरून जमीन खचली होती. धुम्मस आमच्या वडलांनी स्वतः केलं, बिगाऱ्याच्या हातून घेऊन. ठोकळा फिरवायचं काम माझ्या नववीतल्या मुलीकडे होतं. ती दोरीखाली ठोकळा सरकवत गुडघ्यांवर पूर्ण गोठा फिरली आणि जिथे ढिला लागेल तिथे खडूने फुली मारत गेली. ४७ फुल्या निघाल्या. बहुतेक अर्ध्या इंचाच्या आतल्या, पण आठ-दहा ठिकाणी ठोकळ्यावर तिचं बोट आत जात होतं. त्या सगळ्या मुरूम टाकून ठोकल्या.

खडी ट्रॉलीतच मोजली, मनीषाताईंच्या सांगण्याप्रमाणे. आमची ट्रॉली बरोबर भरली, उलट दोन बोटं जास्तच होती. पाऊण इंची पाऊण ब्रास आणि अर्धा इंची अर्धा ब्रास घेतली. वाळू एक ब्रास घ्यावी लागली, पाऊण कुणी देईना. उरली ती गव्हाणीच्या गिलाव्याला वापरतोय.

बरणीत आमची वाळू २० ची १६ झाली, अगदी काकांच्या आकड्यावर. म्हणून दीड फर्म्याच्या जागी दोन फर्मे, दुसरा काठाला दोन बोटं कमी. मिस्त्रींना सुरुवातीला हे पटलं नाही. पहिला घाणा बाहेर पडल्यावर थापीने दाबून बघितलं, खडी सगळी आत बुडाली, तेव्हा त्यांनी स्वतःच फर्म्याच्या आतल्या बाजूला दोन बोटांखाली खिळा ठोकला.

पहिल्या पट्टीला सात गोण्या गेल्या. दाराकडचीच पट्टी होती. सहा फुटांची रेघ आली नाही म्हणून थांबून सळई घालून बघितलं. खड्ड्याच्या जागी जाडी साडेपाच इंच. एवढं ठोकूनही तिथला मुरूम रात्रीत बसला होता. पुढच्या पट्ट्या टाकण्याआधी सगळीकडे परत ठोकळा फिरवला. एकूण ३४ गोण्या लागल्या. वहीतल्या ३२ पेक्षा दोन जास्त. काकांच्या पद्धतीने काढलं तर दोन गोण्या म्हणजे पावणेनऊ घनफूट, सगळ्या गोठ्यात पसरले तर पाव इंच. पाव इंचाला दोन गोण्या जातात हे आता हाताला कळलंय.

पाण्याला मात्र भांडण झालं. दुसऱ्या दिवशी ऊन फार होतं, माल घट्ट व्हायला लागला तशी बिगाऱ्याने बादली बाजूला ठेवून नळी उचलली. मी नळी काढून घेतली, तो चिडला. मग मिस्त्रींनी तोडगा काढला : उरलेल्या दोन पट्ट्या दुपारी थांबवून पहाटे सहाला सुरू केल्या. नऊच्या आत संपल्या.

खाचा वीतभर अंतराने दिल्या आहेत. आता एक विचारायचं आहे. सिमेंट पीपीसी, म्हणजे राख मिसळलेलं, होतं. गोणपाट टाकून दिवसातून चार वेळा पाणी मारतोय, आज सातवा दिवस. गाई बाहेर लिंबाखाली बांधल्यात, पण आभाळ भरून यायला लागलंय. आत कधी घेऊ?

---

पाटबंधाऱ्यातला_ओव्हरसिअर

पीपीसीला दहा दिवस पाणी हवंच, सातवर थांबवू नका. पाऊस आला तर गोणपाट भिजतंच राहील, चांगलंच आहे. गाईचं वजन चार-साडेचारशे किलो आणि ते चार छोट्या खुरांवर येतं, म्हणून चौदा दिवसांच्या आत नको. तीन आठवडे थांबता आलं तर उत्तम. तोवर पाऊस फारच आला तर लिंबावर ताडपत्री बांधा.

आणि मुलीला सांगा, ४७ फुल्यांची ती वही जपून ठेव. गव्हाणीपुढच्या अंगणाचं काम काढाल तेव्हा तिलाच आधी बोलवा.

---

फलटणचा_दूधवाला

फुल्या जमिनीवर होत्या काका, वर कोबा झाला. पण तिने मोबाइलवर फोटो काढून ठेवलेत. एकवीस दिवस थांबतो. ताडपत्री आजच बांधतोय.